चौथं वर्ष कोणाच्या हिशेबात? : पदवीची लांबी आणि वकिलीचा दरवाजा

आज आपण ज्या मजकुराची समीक्षा करणार आहोत तो कविता नाही आणि कादंबरीही नाही. तो एक सरकारी दस्तऐवज आहे, राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०. २९ जुलै २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याला मंजुरी दिली. त्यावर आतापर्यंत स्तुतीची भाषणं झाली, निषेधाचे मोर्चे निघाले; बारकाईनं वाचन मात्र कमी झालं. आपण आज त्यातला एकच धागा धरणार आहोत : पदवी किती वर्षांची? आणि हा प्रश्न अशा विद्यार्थ्याच्या बाजूनं विचारणार आहोत, ज्याला पदवीवर थांबायचं नाही, पुढे व्यावसायिक शिक्षणाकडे जायचं आहे. उदाहरण वकिलीचं घेऊ. कारण धोरण काय बोलतं आणि कुठे गप्प बसतं, हे तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

आधी धोरण काय म्हणतं ते नीट मांडून घेऊ. टीका करायची तर समोरच्याचं म्हणणं आधी प्रामाणिकपणे सांगावं, ही आपल्या व्याख्यानमालेची रीत आहे.

धोरण म्हणतं, पदवी तीन वर्षांचीही असेल आणि चार वर्षांचीही. एका वर्षानंतर बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी. चार वर्षं पूर्ण केली तर बहुविद्याशाखीय पदवी, आणि धोरणाची पसंती या चार वर्षांना आहे. ज्यानं तीन वर्षांची पदवी घेतली त्याला एम.ए., एम.एस्सी. दोन वर्षांची, ज्यानं चार वर्षांची घेतली त्याला एका वर्षाची. चौथ्या वर्षी संशोधन केलं असेल तर पीएच.डी.चा दरवाजाही थेट उघडतो. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं याचा आराखडा दिला. त्यात तीन वर्षांसाठी किमान १२० श्रेयांक, चार वर्षांसाठी १६० आणि पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी संशोधनाची वाट. महाराष्ट्रात आधी स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि मग संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून हे सुरू झालं.

कागदावर ही रचना सुटसुटीत आहे, हे मान्य करायला हवं. हिशेबही जुळतो. तीन अधिक दोन पाच, चार अधिक एक पाच. म्हणजे एम.ए. करणाऱ्याचं चौथं वर्ष वाया जात नाही, ते पुढच्या खात्यात जमा होतं. परदेशातल्या अनेक विद्यापीठांना सोळा वर्षांचं शिक्षण लागतं. आपली बारावी अधिक तीन म्हणजे पंधराच वर्षं व्हायची आणि मुलं तिथे अडायची. त्यांच्यासाठीही चौथं वर्ष कामाचं आहे.

आता हाच हिशेब वकिलीच्या दारात घेऊन जाऊ.

आपल्याकडे वकील होण्याचे दोन रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम, किंवा आधी कोणतीही पदवी आणि मग तीन वर्षांचं एलएल.बी. हे ठरवतं कोण? १९६१ च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनं कायदेशिक्षणाचे मापदंड ठरवण्याचं काम बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे दिलं. बार कौन्सिलचे कायदेशिक्षणाचे नियम २००८ चे आहेत. त्यात तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी पदवी लागते आणि खुल्या प्रवर्गाला किमान ४५ टक्के गुण लागतात. ही पदवी चार वर्षांची असेल तर एलएल.बी.तलं एक वर्ष कमी होईल, अशी सवलत त्यात नाही. नियम धोरणाच्या बारा वर्षं आधीचे आहेत, तेव्हा ती असणार तरी कशी? पण धोरण आल्यावरही तिथली बेरीज तीच राहिली. तीन अधिक तीन सहा. चार अधिक तीन सात. आणि बारावीनंतर थेट गेलात तर पाच.

म्हणजे बघा. एम.ए.ला जाणाऱ्याचं चौथं वर्ष जमा खात्यात, वकिलीला जाणाऱ्याचं तेच चौथं वर्ष खर्चात. वर्ष तेच, अभ्यास तोच, फी तीच. फरक पडतो तो पुढचा दरवाजा कोणाच्या ताब्यात आहे यानं.

तुम्ही म्हणाल, हा बार कौन्सिलचा दोष झाला, धोरणाला का बोल लावता? म्हणून आता मजकुरात शिरू. इथे समीक्षेचं खरं काम आहे.

धोरणात शिक्षक-शिक्षणाचा भाग काढा. तिथे अगदी स्पष्ट लिहिलं आहे : बारावीनंतर आलेल्यांना चार वर्षांचं एकात्मिक बी.एड., तीन वर्षांची पदवी असलेल्यांना दोन वर्षांचं बी.एड. आणि चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर पदवी असलेल्यांना एक वर्षाचं. म्हणजे शिक्षक होऊ पाहणाऱ्यासाठी धोरणानं चौथ्या वर्षाची किंमत स्वतःच लिहून दिली आहे. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेनं २०२५ मध्ये जो मसुदा काढला त्यात एका वर्षाचं बी.एड. परत आणायचा प्रस्ताव याच ओळींवरून आला.

आता व्यावसायिक शिक्षणाचा भाग काढा. वैद्यकीय शिक्षणाबद्दल लिहिताना धोरण निदान कालावधीचा उल्लेख करतं. कायदेशिक्षणाच्या परिच्छेदात काय आहे? जागतिक स्पर्धा आहे, नवं तंत्रज्ञान आहे, संविधानाची मूल्यं आहेत, न्याय वेळेत मिळण्याची गोष्ट आहे. राज्यांच्या संस्थांनी इंग्रजीबरोबर राज्याच्या भाषेतही कायदा शिकवण्याचा विचार करावा, ही फार चांगली सूचनाही आहे. पण वर्षं किती, आधीच्या पदवीशी त्याचं नातं काय, याबद्दल एक शब्द नाही.

हे विसरून राहिलं असेल का? आम्हाला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण याच दस्तऐवजात आहे. धोरण उच्च शिक्षणासाठी एकच नियामक सुचवतं आणि त्याची हद्द आखताना म्हणतं : शिक्षक-शिक्षण आत, वैद्यकीय आणि कायदेशिक्षण बाहेर. हा अर्धा वाक्यांश म्हणजे आजच्या सगळ्या विषयाची किल्ली आहे. जे घर आपल्या छपराखाली, तिथल्या खोल्यांची मापं धोरणानं जुळवून दिली. जे घर दुसऱ्याच्या छपराखाली, त्याच्या दारापर्यंत रस्ता आणून सोडला आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा म्हटलं. लवचीकता हा या दस्तऐवजाचा आवडता शब्द आहे. पण ती लवचीकता एका नियामकाच्या कुंपणापर्यंतच आहे, हे विद्यार्थ्याला कुठेच मोठ्या अक्षरांत सांगितलेलं नाही.

दुसरा मुद्दा याहून टोकदार आहे. कधीही बाहेर पडा, हातात काहीतरी घेऊनच जाल, हे धोरणाचं मोठं आश्वासन. आता बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांत बघा. पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाची दोन पदव्यांत फोड करून मध्येच एक पदवी देऊन बाहेर सोडता येणार नाही, आणि आधीच पदवी आहे म्हणून मध्येच आत घेता येणार नाही, असा त्यात स्पष्ट प्रतिबंध आहे. म्हणजे बी.ए.चा विद्यार्थी तीन वर्षांनी थांबला तर पदवीधर. बी.ए. एलएल.बी.चा विद्यार्थी तीन वर्षांनी थांबला, घरची अडचण म्हणा, तब्येत म्हणा, मन लागलं नाही म्हणा, तर या नियमाप्रमाणे बारावी पासच. आपल्याकडे बी.एस.एल., बी.एल.एस. अशी नावं जुन्या मंडळींच्या ओळखीची आहेत, आणि त्यांच्या आठवणींवरून घरात सल्ले दिले जातात. म्हणून आग्रहानं सांगतो, आपल्या विद्यापीठाचा आजचा छापील नियम बघा, काकांच्या वेळचा नको.

आता काही जण म्हणतील, मग पाच वर्षांचा अभ्यासक्रमच वाईट. तसंही नाही. त्याचा इतिहास समजून घ्यायला हवा. एके काळी वकिली म्हणजे पदवीनंतरची गोष्ट होती. नोकरी सांभाळत एलएल.बी. करणारे आपल्या प्रत्येकाच्या माहितीत कोणी ना कोणी असतात. दुसरं काही जमलं नाही म्हणून लॉ, असंही बोललं जायचं. हे चित्र बदलावं, कायदा हा पूर्ण वेळचा गंभीर अभ्यास व्हावा, म्हणून ऐंशीच्या दशकात बारावीनंतरच्या पाच वर्षांचा आग्रह धरला गेला. बंगळुरूचं नॅशनल लॉ स्कूल त्यातून उभं राहिलं. माधव मेनन त्याचे संस्थापक संचालक. पुढे देशभर राष्ट्रीय विधी विद्यापीठं निघाली. आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि औरंगाबादला. पाच वर्षांनी कायदेशिक्षणाला प्रतिष्ठा मिळवून दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण याच बंगळुरूच्या संस्थेनं २०२२ पासून पदवीधरांसाठी तीन वर्षांचं एलएल.बी.ही सुरू केलं. ज्यांनी पाच वर्षांना मोठं केलं, त्यांनाही आधी दुसरा विषय शिकून आलेला विद्यार्थी हवा आहे. म्हणजे हा वाद गुणवत्तेनं सुटलेला नाही, दोन्ही बाजूंना जीव आहे. उलट टोकाची मागणीही झाली होती : बारावीनंतर थेट तीन वर्षांतच वकील करा. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती याचिका ऐकायला नकार दिला. पाच वर्षं आहेत ती ठीक आहेत, असाच त्याचा सूर होता.

आता हे सगळं एका घरात उतरवून बघू. समजा, परभणी जिल्ह्यातली एक मुलगी आहे. मराठी माध्यम, बारावी कला, वय अठरा. तिला न्यायाधीश व्हायचं आहे. ही हौस नाही. गावातल्या जमिनीच्या तंट्यात आईच्या चकरा तिनं पाहिल्या आहेत. तिच्यासमोर तीन हिशेब आहेत.

पहिला, पाच वर्षांचा. तेविसाव्या वर्षी ती वकील होते. दुसरा, तीन अधिक तीन. चोविसाव्या वर्षी. तिसरा, चार अधिक तीन. पंचविसाव्या वर्षी. इथपर्यंत फरक एक-दोन वर्षांचा. पण २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी, आणि ती तात्पुरत्या सनदीच्या तारखेपासून मोजली जाईल. म्हणजे परीक्षेला पात्र व्हायला सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. आणि ही मधली तीन वर्षं कशी असतात, हे कनिष्ठ वकिलांना विचारा. तालुक्याच्या कोर्टात सीनियरच्या हाताखाली जे मिळतं त्यात खोलीभाडं निघालं तरी नशीब.

या मुलीच्या घरात एक वर्ष म्हणजे कॅलेंडरचं पान नसतं. एक वर्ष म्हणजे वसतिगृह, मेस, एसटीचा पास, आणि धाकट्या भावाची पुढे ढकललेली फी. एक वर्ष म्हणजे ‘आता स्थळं बघू या का’ हा प्रश्न आणखी एकदा टाळणं. व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारनं जुलै २०२४ मध्ये काढला. तो मोलाचाच आहे. पण जेवणाचा, खोलीचा आणि वयाचा खर्च कोणत्या शासन निर्णयात माफ होतो?

मग तिनं सरळ पाच वर्षांकडे जावं का? इथे आणखी एक गोष्ट मध्ये येते, भाषा. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट इंग्रजीत असते. राज्याची विधी सीईटी इंग्रजीबरोबर मराठीतही असते, हा आधार आहे. पण आत गेल्यावर निकालपत्रं इंग्रजी, पुस्तकं इंग्रजी. अठराव्या वर्षी हे सगळं अंगावर घेणं काहींना जमतं, काहींना नाही. ज्याला जमत नाही तो मंद नसतो, त्याला वेळ हवा असतो. बी.ए.ची तीन वर्षं, राज्यशास्त्र किंवा अर्थशास्त्र घेऊन, रोज इंग्रजी वाचून काढली तर तीच मुलगी एकविसाव्या वर्षी सीईटीला वेगळ्याच तयारीनं बसते. तेव्हा सहा वर्षांतलं ते एक जास्तीचं वर्ष वाया गेलं म्हणायचं का? आम्ही म्हणू, नाही. ते वर्ष तिनं भाषेसाठी दिलं. धोरणानं कायदेशिक्षणात राज्याची भाषा आणण्याची सूचना मनावर घेतली जाती, तर कदाचित तिला हे वर्ष द्यावंच लागलं नसतं. लांबीचा प्रश्न असा भाषेच्या प्रश्नात गुंतलेला आहे.

आणि चौथं वर्ष? राज्याच्या सीईटीत प्रवेश लागतो तो सीईटीच्या गुणांवर. तुमची पदवी तीन वर्षांची की चार वर्षांची ऑनर्स, याचा गुणवत्ता यादीत वेगळा भाव नाही. एम.बी.ए.लाही तीन वर्षांची पदवी पुरते आणि पुढची दोन वर्षं दोनच राहतात. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे : फक्त वकिलीचा दरवाजा गाठायचा म्हणून चौथं वर्ष करू नये. अर्थशास्त्रात खरोखर संशोधन करायचं आहे, पुढे करकायदा किंवा स्पर्धा कायदा करायचा आहे, किंवा वकिलीबरोबर प्राध्यापकीचाही विचार आहे, तर जरूर करावं. पण कशासाठी ते माहीत असावं. ‘चार वर्षांची डिग्री भारी दिसते’ हे कारण नव्हे.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी जाहिरातीतही नसते आणि समुपदेशनातही क्वचित असते. हे तीन पर्याय एकाच वेळी ठरवायचे नसतात. तीन की चार, हा निर्णय सहाव्या सत्रापर्यंत खुला असतो. तोपर्यंत दोघांचा रस्ता एकच आहे. तिसऱ्या वर्षात असतानाच तीन वर्षांच्या एलएल.बी.ची सीईटी देता येते. प्रवेश मिळाला तर पदवी घेऊन निघा, नाही मिळाला तर चौथं वर्ष आहे, तयारीलाही वेळ आहे. पण पाच की तीन अधिक तीन, हा निर्णय बारावीलाच होतो आणि मागे फिरायची किंमत मोठी असते. जो निर्णय मागे घेता येतो त्याची फार चिंता करू नये. जो घेता येत नाही त्यावर महिनाभर घरात बसून बोलावं. आपल्या घरांत नेमकं उलटं होतं. ऑनर्स की साधी पदवी यावर पहिल्या दिवसापासून खल, आणि पाच वर्षांच्या फॉर्मवर शेवटच्या तारखेला सायबर कॅफेत सही.

चौथं वर्ष घेणार असाल तर आणखी एक तपासा : ते तुमच्या कॉलेजात आहे का? तालुक्याच्या ठिकाणी ज्या विभागात दोन प्राध्यापक आणि उरलेले तासिका तत्त्वावर, तिथे संशोधनासह ऑनर्स कोण करून घेणार? कागदावरचा पर्याय आणि वर्गातला पर्याय यांत अंतर असतं. दिल्ली विद्यापीठानं २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी आणली आणि २०१४ च्या जूनमध्ये मागे घेतली. त्या मधल्या वर्षी ज्यांनी प्रवेश घेतला होता, त्यांचा अभ्यासक्रम चालू असताना बदलला. पुढे २०२२ मध्ये चार वर्षं तिथे परत आली. रचना बदलणारे मंत्री, कुलगुरू बदलतात. मधली बॅच तीच राहते, आणि तिला आयुष्यभर अर्जांवर खुलासे लिहावे लागतात.

शेवटी समीक्षेचा निष्कर्ष. या धोरणाला आमचा विरोध लवचीकतेसाठी नाही. ती अर्धीच आहे, म्हणून आहे. शिक्षक होणाऱ्याला चौथ्या वर्षाचा मोबदला लिहून दिला, वकील होणाऱ्याला दिला नाही, आणि दोघांना एकाच माहितीपत्रकात एकच ‘चार वर्षांची सुवर्णसंधी’ दाखवली जाते. हे दुरुस्त करणं अशक्य नाही. बार कौन्सिल आणि विद्यापीठ अनुदान आयोगानं एकत्र बसून दोन प्रश्नांची उत्तरं द्यावीत. ज्या विद्यार्थ्यानं चौथ्या वर्षी कायद्याशी जोडलेले विषय घेतले, त्याचे श्रेयांक एलएल.बी.त धरायचे का? आणि एकात्मिक अभ्यासक्रमात तीन वर्षं पूर्ण करून ज्याला थांबावं लागतं, त्याच्या हातात काय द्यायचं? उत्तर ‘नाही’ आणि ‘काही नाही’ असंही असू शकतं. पण ते बारावीच्या निकालाआधी, मराठीत, फॉर्मच्या पहिल्या पानावर छापलेलं असावं.

तोवर हा हिशेब आपणच करायचा आहे. तुमच्या ओळखीत बारावीचं कोणी असेल तर त्याला ‘किती वर्षांत होईल’ हे विचारू नका. विचारा, कुठल्या वर्षी थांबावं लागलं तर हातात काय राहील? त्या उत्तरावरून रस्ता निवडणं जास्त सोपं जाईल.

आता प्रश्न घेऊ या.